साठीनंतरही दहा-बारा तास काम करायचंय? अंगातली ताकद अशी टिकवा, टप्प्याटप्प्याने

मी ६२ वर्षांची आहे. काम हिशोबाचं, खुर्चीत बसून, रोजचे दहा तास धरूनच चालायचं आणि वर्षअखेर जवळ आली की बारा. माझे मिस्टर ६६ चे, त्यांचं नेमकं उलट, दिवसभर काउंटरमागे उभं. दोघांनाही काम सोडायचं नाहीये, थोडं गरज म्हणून आणि बरंचसं आवड म्हणून.

चार वर्षांपूर्वी एक दिवस खालच्या कप्प्यातली फाईल काढायला मी उकिडवी बसले आणि टेबल धरल्याशिवाय उठताच येईना. तेव्हा आठवलं की जिना चढताना कठडा धरायला लागून तर वर्ष झालं होतं, संध्याकाळी पाचनंतर आकडे डोळ्यासमोर पळायला लागायचे, घरी गेलं की सोफ्यावर पडायचं आणि रविवार नुसता लोळण्यात जायचा. मी म्हणायचे वय झालं, दुसरं काय. मग जे सगळे करतात तेच मी पण केलं, टॉनिकची बाटली आणली, एका रविवारी जोशात दोन तास चालून आले, गुडघा सुजला आणि पुढचे तीन आठवडे लंगडत काढले. आज परत पहिल्यापासून सुरुवात करायची झाली तर ज्या क्रमाने करेन त्याच क्रमाने खाली लिहितेय, म्हणजे तुमचे ते तीन आठवडे तरी वाचतील.

आधी हे समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं कंटाळवाणं वाटेल

तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर स्नायूंच्या आकारापेक्षाही लवकर जाते. याला सार्कोपेनिया म्हणतात, अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन संशोधकाने १९८९ मध्ये हा शब्द सुचवला, ग्रीक भाषेतून, मांसाची कमतरता असा अर्थ. वजनकाटा बघून हे कळत नाही कारण स्नायू गेले त्या जागी चरबी येते आणि वजन आहे तेवढंच दिसतं.

आता याचा थकव्याशी काय संबंध? समजा खुर्चीतून उठायला पायांना दहा किलोचं बळ लागतं आणि तुमच्याकडे तीस किलोचं आहे, तर तुम्हाला उठल्याचं कळणार पण नाही. तेच तुमच्याकडे बारा किलोचंच उरलं असेल तर प्रत्येक उठणं म्हणजे जवळजवळ पूर्ण जोर. दिवसात पन्नास वेळा उठलात, दोनदा जिना चढलात, पिशवी उचललीत, की संध्याकाळी गळून जाणारच. काम तेवढंच असतं, शिल्लक कमी झालेली असते. मला हे कळलं तेव्हा अर्धी भीती तिथेच गेली कारण शिल्लक वाढवता येते, आणि ती कुठल्याही वयात वाढते. १९९० साली अमेरिकेत एका अभ्यासाचे निकाल छापून आले, वृद्धाश्रमात राहणारे १० जण, सरासरी वय ९०, त्यांच्याकडून आठ आठवडे पायांचे वजन लावून व्यायाम करून घेतले तर पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! मग आपण साठीत का नाही?

काय काय लागेल

जिमची गरज नाही. एवढं जमवा:

- चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, डोससकट. डॉक्टरांनी न सांगता आपणहून घेतलेल्या गोळ्या, पावडरी, काढे पण त्यात लिहा
- आधीचे रक्ताचे रिपोर्ट, असतील तेवढे, तारखेप्रमाणे लावून
- हात नसलेली भक्कम खुर्ची, बसायची उंची साधारण ४३ सेंटीमीटर, चाकांची अजिबात नको
- रबरी एक्सरसाइज बँड, एक हलका आणि एक मध्यम
- नीट बसणारे, टाच धरून ठेवणारे बूट
- पाण्याची बाटली, किती पाणी मावतं ते माहीत असलेली
- एक वही. मोबाईलचं ॲप पण चालेल पण मला वही बरी वाटते, मागची पानं चाळता येतात
- बीपीचा त्रास असेल तर घरी बीपी मशीन, दंडाला बांधायचं

१. थकवा आजाराचा तर नाही ना, ते आधी बघा

ही पायरी कोणी गाळू नका, मी गाळली होती. थकवा म्हटलं की आपण वयाच्या नावावर टाकून मोकळे होतो पण त्यामागे बऱ्याचदा साधं, औषधाने बरं होणारं कारण असतं. डॉक्टरांकडे जाऊन एवढं स्पष्ट बोला: "मी रोज इतके तास काम करतो, इतक्या वाजता गळून जातो, व्यायाम सुरू करायचाय, काही तपासायला हवं का?" साधारणपणे हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, किडनी, बी१२ आणि ड जीवनसत्त्व हे बघतात, कुठल्या तपासण्या करायच्या ते डॉक्टर ठरवतील.

बी१२ बद्दल जरा जास्त सांगते कारण माझं तेच निघालं. वय वाढलं की पोटात आम्ल कमी तयार होतं आणि अन्नातलं बी१२ नीट सुटत नाही, त्यामुळे खाणं चांगलं असूनही ते कमी पडू शकतं. डायबेटिसची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर अजूनच. पायाला मुंग्या, विसरभोळेपणा, थकवा, सगळं आपण वयावर ढकलतो आणि रिपोर्टमध्ये आकडा तळाला असतो. शुद्ध शाकाहारी असाल तर नक्की विचारा.

औषधांची यादी का आणायला सांगितली तर काही गोळ्यांनीच झापड येते, सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, काही बीपीच्या पण. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, वेळ बदलता येईल का एवढं विचारायचं, माझी एक गोळी सकाळची रात्री केली आणि दुपारची पेंग निम्मी झाली.

आणि हे असेल तर पुढचा लेख बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा: चालताना किंवा चढताना छातीत दाब, नेहमीपेक्षा लवकर धाप लागणं, शुद्ध हरपणं, एकाच पायाला अचानक सूज, प्रयत्न न करता वजन उतरणं. छातीत दुखून घाम फुटला किंवा हात-तोंड वाकडं झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, तडक इमर्जन्सी.

२. आज ताकद किती आहे ते मोजून ठेवा

खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. मधोमध बसा, हात छातीवर आडवे घडी घालून, पाय जमिनीवर. ३० सेकंदांचा टायमर लावा आणि पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, किती वेळा होतं ते मोजायचं. शेजारी कोणीतरी उभं असू द्या, पहिल्यांदा तोल जाऊ शकतो.

पडण्याचा धोका तपासताना हीच टेस्ट वापरतात आणि तिचे आकडे ठरलेले आहेत. ६० ते ६४ वयात पुरुषांचे १४ पेक्षा कमी आणि बायकांचे १२ पेक्षा कमी आले तर सरासरीच्या खाली. ६५ ते ६९ ला पुरुष १२, बायका ११. ७० ते ७४ ला पुरुष १२, बायका १०. हात वापरावाच लागला तर शून्य धरतात.

माझे पहिल्या दिवशी ९ आले होते, वय ५८. मिस्टरांचे १३, आणि त्यांना वाटत होतं दिवसभर उभं असतात म्हणजे पाय दणकट असणार. उभं राहण्याने सहनशक्ती येते पण जोर वाढत नाही, हा धडा त्यांना त्या दिवशी मिळाला.

आकडा वहीत तारखेसकट लिहा. शिवाय अजून दोन गोष्टी: जिन्याचा एक मजला चढल्यावर बोलता येतं का, आणि दिवसात कुठल्या वेळी गळल्यासारखं होतं. ही वेळ एक आठवडा रोज लिहा, पुढे चौथ्या पायरीत कामाला येणार आहे.

३. पायांपासून सुरुवात करा, आठवड्यातून दोनदा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये मोठ्यांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम करावेत असं आहे, आणि ६५ च्या पुढच्यांसाठी तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम तीन दिवस. आपण सगळे चालण्यावर अडकतो, "मी रोज चालतो" म्हटलं की झालं. चालणं हृदयाला उत्तम, पण उठायची, चढायची, उचलायची ताकद चालण्याने फारशी वाढत नाही. वेळ खरंच एकाच गोष्टीला असेल तर मी ताकदीला देईन, चालणं दिवसात इकडेतिकडे होतंच.

पाच हालचाली, एकूण वीस-पंचवीस मिनिटं:

खुर्चीतून उठणं-बसणं. ही सगळ्यात महत्त्वाची. सुरुवातीला हाताचा आधार घ्या, खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा म्हणजे सोपं जाईल. ८ वेळा, थोडं थांबा, परत ८. बसताना धपकन बसू नका, मनात चार मोजत सावकाश खाली या, खाली येण्यातच बरंच काम होतं.

भिंतीवर जोर. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून तळवे भिंतीला, कोपर वाकवत छाती जवळ न्यायची आणि ढकलून परत. सोपं झालं की भिंतीऐवजी भक्कम टेबलाची कड.

बँड ओढणं. बँड दाराच्या पक्क्या कडीला अडकवून दोन्ही हातांनी पोटाकडे ओढायचा, खांदे मागे. दिवसभर पुढे वाकून काम करणाऱ्यांच्या पाठीला याच्याइतका आराम दुसरा कशाने मिळत नाही, माझ्या मानेचं दुखणं याने गेलं. कडी आधी हलवून बघा.

टाचा उचलणं. ओट्याला किंवा टेबलाला बोटं टेकवून, टाचा वर, दोन मोजा, खाली. १२ ते १५ वेळा.

एका पायावर उभं. टेबलाजवळच, १० सेकंद एक, १० सेकंद दुसरा, हळूहळू ३० वर न्या.

वजन किंवा बँड किती जड हवा? शेवटच्या दोन वेळा करताना कष्ट पडले पाहिजेत पण पद्धत बिघडता कामा नये. बारा वेळा आरामात होतंय म्हणजे आता सोपं झालं, वाढवा. इथेच बहुतेकांचं चुकतं, तोच हलका बँड दोन वर्षं ओढत राहतात आणि म्हणतात फरक पडत नाही. शरीराला पहिल्यापेक्षा थोडं जास्त मागितल्याशिवाय ते काही देत नाही.

श्वास रोखू नका, जोर लावताना सोडा. श्वास कोंडून जोर लावला की बीपी झपकन वर जातो. व्यायामाच्या दोन दिवसांच्या मधे निदान एक दिवस मोकळा ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या जड वाटणं, दाबल्यावर दुखणं चालतं, ते स्नायूंचं दुखणं आहे. सांध्यात टोचल्यासारखं, सुजलेलं, किंवा रात्री जागं करणारं दुखणं चालत नाही, ती हालचाल थांबवा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. मी त्या सुजलेल्या गुडघ्यावर आधीच दाखवलं असतं तर तीन आठवड्यांऐवजी एका आठवड्यात उभी राहिले असते.

दोन महिने झाले की अजून एक गोष्ट घाला: उठताना जरा झटक्यात उठायचं, बसताना हळूच. वयाबरोबर आधी आणि जास्त जातात ते वेगाने आकुंचन पावणारे स्नायूतंतू, ठेच लागल्यावर पटकन पाय पुढे टाकून सावरायचं काम त्यांचंच.

४. हालचाल कामाच्या दिवसाच्या आत बसवा

माझ्या मते हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. बारा तास काम करणाऱ्याला "सकाळी लवकर उठून तासभर व्यायाम करा" सांगणं सोपं असतं, प्रत्यक्षात तो तास झोपेतून कापला जातो आणि दहा दिवसांत सगळं बंद पडतं. संध्याकाळी करू म्हणावं तर संध्याकाळी अंगात जीवच नसतो. म्हणून मी दिवसाबाहेर वेळ शोधणं सोडलं.

लंडनच्या डबलडेकर बसच्या कर्मचाऱ्यांवर जेरेमी मॉरिस या संशोधकाने केलेला अभ्यास १९५३ मध्ये छापला गेला, ड्रायव्हर दिवसभर बसलेले आणि कंडक्टर दिवसभर वरखाली जिने चढत तिकिटं फाडणारे, तर हृदयविकार कंडक्टरमध्ये कमी सापडला. कंडक्टर काही व्यायामाला वेगळे जात नव्हते, हालचाल त्यांच्या ड्युटीतच होती. आपल्याला तेच करायचंय, बसल्या कामात थोडा कंडक्टर घुसवायचा.

बसून काम असेल तर: दर ३० ते ४५ मिनिटांनी उठा. नुसतं उभं राहून परत बसू नका, पाच वेळा खुर्चीतून उठा-बसा करा, दहा वेळा टाचा उचला, दीड मिनिट लागतं. मी फोन आला की उभी राहते, प्रिंटर मुद्दाम दुसऱ्या टोकाला ठेवलाय, पाण्याची बाटली लहान ठेवते म्हणजे भरायला उठावं लागतं. दिवसात दहा वेळा पाच म्हणजे पन्नास उठ-बस आपोआप होतात, कपडे बदलायला नकोत की घाम नको.

उभं राहून काम असेल तर उलटं गणित. पोटरीचे स्नायू आवळले की पायातलं रक्त वर ढकललं जातं, एकाच जागी खांबासारखं उभं राहिलं की हा पंप बंद पडतो, रक्त पायात साठतं आणि संध्याकाळी मोजे रुतलेले दिसतात. म्हणून जागच्या जागी टाचा वर-खाली करा, एक पाय वीतभर उंच पाटावर ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटांनी पाय बदला, कडक फरशी असेल तर पायाखाली रबरी मॅट घाला. जेवणाच्या सुट्टीत बसा आणि पाय वर घ्या, दहा मिनिटं का होईना. घट्ट दाबाचे मोजे चांगले असतात पण सगळ्यांना चालत नाहीत, पायाच्या रोहिण्यांचा, म्हणजे पायाला रक्त पोचवणाऱ्या नळ्यांचा त्रास असेल तर नुकसान करतात, विचारल्याशिवाय घेऊ नका.

बसलेलं असो की झोपलेलं, झटकन उठू नका. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर उठल्याबरोबर बीपी खाली येऊन डोळ्यापुढे अंधारी येऊ शकते. आधी पाय हलवा, मग उठा. वारंवार होत असेल तर बसून आणि उभं राहून बीपी मोजा, वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

आता ती वही काढा. गळल्यासारखं होतं ती वेळ बघा. माझी साडेतीनची होती. त्याच्या अर्धा तास आधी मी दहा मिनिटं चालून येते, आणि डोकं लागणारं काम सकाळी उरकते, साडेतीन ते साडेचार फाईल लावणं, फोन, असलं ठेवते. पूर्वी मी बरोबर उलटं करायचे, सकाळी किरकोळ कामं संपवून अवघड काम दुपारवर टाकायचे आणि मग रडायचे.

उजेडाबद्दल थोडं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. उजेड कमी पडला की आपण नकळत पुढे झुकतो, मान ताणली जाते, डोकं दुखतं आणि त्यालाच थकवा म्हणतो. टेबलावर वेगळा दिवा घ्या. प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे लांबचं-जवळचं एकाच काचेत असलेला, लावून स्क्रीनवर काम करत असाल तर हनुवटी वर करून बघायची सवय लागते, स्क्रीन थोडी खाली घ्या किंवा कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा चष्मा करा.

५. चालायचं, पण एकदम नाही

पहिला आठवडा दिवसातून दोनदा दहा मिनिटं, बस. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. वेग एवढा हवा की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. नाडी मोजत बसू नका, बीपी-हृदयासाठीच्या बीटा ब्लॉकर प्रकारातल्या गोळ्या चालू असतील तर नाडी फारशी वाढत नाही आणि तुम्हाला वाटेल मी पुरेसं करत नाहीये. जेवणानंतरचं दहा मिनिटं चालणं तर सोडूच नका, साखर कमी चढते आणि दुपारची पेंग पण कमी येते.

६. प्रोटीन दिवसभरात वाटून खा

वय वाढलं की तेवढ्याच प्रोटीनमधून स्नायू कमी बांधले जातात. म्हणून एरवी दर किलो वजनाला ०.८ ग्रॅम सांगतात ते वयस्कर माणसांसाठी १ ते १.२ ग्रॅम धरावं असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. ६० किलो वजन असेल तर दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम. अंदाज यावा म्हणून: एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, शिजवलेल्या १०० ग्रॅम डाळी-कडधान्यात ८-९, आणि १०० ग्रॅम शिजवलेल्या मासे किंवा चिकनमध्ये २० ते ३०.

किडनीचा आजार असेल तर हा सगळा परिच्छेद तुमच्यासाठी नाही, डॉक्टर सांगतील तेवढंच.

खरी गोम वाटणीत आहे. सकाळी चहा-बिस्किटावर निघायचं, दुपारी मिळेल ते, आणि सगळं चांगलं रात्रीच्या जेवणात. असं नको, तिन्ही वेळेला २०-२५ ग्रॅम पडलं पाहिजे. मी फक्त सकाळचं सुधारलं, दोन अंडी आणि एक ग्लास दूध वाढवलं, दुसरं काही बदललं नाही, आणि अकरा वाजताची खा-खा बंद झाली. पावडरच्या डब्याची गरज बहुतेकांना नसते, खाणं खरंच कमी जात असेल तर विचारून घ्या.

पाण्याचं बघा. वय वाढलं की तहान लागल्याची जाणीवच कमी होते, त्यामुळे तहान लागेल तेव्हा पिऊ म्हटलं तर उशीर होतो. बाटलीवर खुणा करा. बहुतेक पाणी संध्याकाळपर्यंत संपवा नाहीतर रात्री दोनदा उठावं लागतं. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर पाण्याचं माप डॉक्टरांचं.

७. झोप कापून वेळ काढू नका

६४ पर्यंत ७ ते ९ तास आणि ६५ नंतर ७ ते ८ तास. म्हातारपणी झोप कमी लागते हे खरं नाही, झोप हलकी होते आणि तुटक येते, गरज तेवढीच राहते.

चहा-कॉफी दुपारी दोननंतर बंद करून बघा. कॅफीन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात म्हणजे पाचच्या कॉफीतलं निम्मं रात्री दहाला अजून फिरत असतं. दुपारी २० मिनिटांची डुलकी चालते, तीनच्या आत, गजर लावून. आणि जोरात घोरता, मधेच श्वास अडकतो असं घरचे सांगतात, आठ तास झोपून पण सकाळी डोकं जड, गाडी चालवताना डोळा लागतो, यातलं काही असेल तर स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार, तपासून घ्या. मिस्टरांना तोच निघाला, रात्री झोपताना श्वासाचं मशीन लावायला लागल्यावर पंधरा दिवसांत माणूस बदलला. आम्ही दोघं दोन वर्षं त्याला कामाचा ताण समजत होतो.

८. तासांकडे पण बघा

हे लिहायला मला पण जड जातंय कारण मला माझं काम आवडतं. पण जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून जे मांडलं ते लपवून कसं चालेल. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, स्ट्रोकचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. कितीही उठ-बस केलीत तरी हे पूर्ण पुसलं जातं असं मी म्हणणार नाही.

म्हणून दोन आठवडे खरे तास लिहा, येण्याजाण्याचा वेळ धरून. मी लिहिले तेव्हा ६१ निघाले. त्यातले सहा-सात तास नुसते कोणाची तरी वाट बघण्याचे होते. आता आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा, आणि जोराच्या महिन्यातही रात्री आठनंतर काम नाही. तास कमी करणं हातात नसेल तर निदान सलग सहा लांब दिवस टाळता येतात का बघा, मधे एक छोटा दिवस मागून घ्या. मागितल्याशिवाय कोणी देत नाही हे मात्र खरं.

९. आजारी पडलात तर परत कसं सुरू करायचं

१९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना परत तपासलं तर दम टिकवायची त्यांची क्षमता तीस वर्षांच्या वयाने जेवढी घटली त्यापेक्षा जास्त त्या तीन आठवड्यांत घटली होती. तापात आराम घ्याच, पण डॉक्टर हो म्हणाले की लगेच थोडं थोडं उठा, खोलीत फिरा, पलंगाच्या कडेवरून उठ-बस करा.

परत सुरू करताना जिथे सोडलं तिथून नाही, त्याच्या निम्म्यापासून. आठ वेळा करत होतात तर चार. दोन आठवड्यांत परत येतं. माझा अनुभव आहे की लोक आजारानंतर व्यायाम सोडतात ते आजारामुळे नाही, पहिल्याच दिवशी जुनं वजन उचलायला जातात, नाही जमत आणि मन खचतं, म्हणून सोडतात.

पहिल्या काही आठवड्यांत काय होईल

पहिले दोन आठवडे जास्तच थकल्यासारखं वाटेल, तेव्हा सोडू नका. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उठ-बस सोपी वाटायला लागते, हे स्नायू वाढल्यामुळे कमी आणि मेंदू आहे त्याच स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतो म्हणून जास्त. खरे स्नायू वाढायला दोन-तीन महिने जातात. आरशात बघू नका, वही बघा.

खुर्चीची टेस्ट दर सहा आठवड्यांनी, त्याच खुर्चीवर, शक्यतो सकाळी. माझे ९ चे सहा आठवड्यांत ११ झाले, सहा महिन्यांत १५, सध्या १६ वर आहेत. एखाद्या वेळी एक-दोनने कमी आले तर झोप, ताप, धावपळ असं काहीतरी असतं, पुढच्या वेळेला सुधारतं. पण व्यायाम नीट चालू असून लागोपाठ दोनदा आकडा उतरला, किंवा एकदम तीन-चारने घसरला, तर बँड बाजूला ठेवा आणि वही घेऊन पहिल्या पायरीवर जा, म्हणजे डॉक्टरांकडे. मिस्टरांचा आकडा गेल्या वर्षी असाच १७ वरून १३ वर आला होता, रक्त तपासलं तर थायरॉइड निघाला, आणि गोळी सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी परत १६.